फांदीचे आभार

पोझ्नान,
सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

प्रिय पोला,

येत्या रविवारी तुझा नामदिन, तुझ्या नावाच्या संतिणीचा सण. तुला शंभर वर्षं आयुष्य लाभो. तुझी संत अपोलोनिया दातदुखीवाल्यांची कैवारी, तेव्हा तुझे दातही शेवटपर्यंत तुझेच राहोत. माझे चार गेले. वाल्देक म्हणतो, बायको, तोंड तर चालतंय ना, मग दातांचं काय घेऊन बसलीस.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र आधी ब्रेडच्या डब्यावर ठेवून देशील आणि दोन दिवस त्याच्याकडे बघणार नाहीस. ठेव. पण फेकू नकोस. सात वर्षं झाली, ना तू काही लिहिलंस, ना मी. एक पत्र वाचण्याइतकी जागा आपल्या भांडणात शिल्लक असेल असं मी धरून चालते. सांगायचं एकच आहे, आणि ते मी तेवीस वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं. पण सरळ मुद्द्यावर आले तर मी तुझी बहीण कसली.

इकडे सगळं ठीक. वाल्देकचा गुडघा पाऊस पडायच्या आधी दुखतो आणि पडून गेल्यावरही दुखतो, त्यामुळे हवामानाचा अंदाज म्हणून त्याचा काही उपयोग नाही. मी बरी आहे. गोळ्या सकाळी आठला आणि संध्याकाळी आठला, मिनिटभरही इकडेतिकडे नाही. तू दवाखान्यात आणून दिलेलं घड्याळ अजून चालतं. द्राक्षं चालतात, ग्रेपफ्रूट चालत नाही, कच्चं काही नाही, आणि मातीत हात घालायचा नाही. हे सगळं तुला पाठ आहे म्हणा. यादी तूच तर माझ्या फ्रिजवर चिकटवली होतीस, ती अजून तिथेच आहे.

एक कबुली आधी देऊन टाकते. आईच्या कबरीवर दिवा लावायला तू नोव्हेंबरच्या एक तारखेला सकाळी येतेस आणि मी दुपारी जाते, हे आपण न बोलता ठरवलेलं आहे. गेल्या वर्षी मी मुद्दाम लवकर गेले. तू दगड पुसत होतीस. मी तीन ओळी सोडून कुणा अनोळखी माणसांच्या कबरीपाशी उभी राहिले, हातात शेवंतीची कुंडी घेऊन. त्या बिचाऱ्यांनी मला लांबची नातेवाईक समजून सरकून जागा दिली आणि मी त्यांच्या आजोबांसाठी आख्खी प्रार्थना म्हटली. मग तू उठलीस. उठताना डाव्या कुशीला हात धरलास. मला पुढे यायचं होतं, पाय उचलले नाहीत. तू फाटकातून दिसेनाशी झाल्यावर मी आले. तुझ्या दिव्याची ज्योत अजून काचेत नीट स्थिरावलीसुद्धा नव्हती.

घरी येऊन मी वाल्देकवर ओरडले, सूप खारट झालं म्हणून. सूप मीच केलं होतं.

आता पामघराचं, तुझ्या त्या ताडामाडांच्या काचघराचं सांगते. सात वर्षं मी तिकडे फिरकले नव्हते. ट्राम बागेवरून जायची तेव्हा मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून दुकानांच्या पाट्या वाचायची. पण सात जानेवारीला दवाखान्यातून निघाले (तिथे का गेले होते ते पुढे सांगते) आणि घरच्या स्टॉपऐवजी बागेपाशी उतरले. उतरले म्हणजे उतरले. कारण विचारशील तर माझ्याकडे नाही.

बाग तुला ठाऊकच आहे, जानेवारीत तिच्यात बघण्यासारखं काही नसतं. गुलाबांना गोणपाट गुंडाळलेलं, कावळे, आणि आपला बाक. बाकावर बर्फ होतं तरी मी जरा टेकले. दर एप्रिलच्या चोवीस तारखेला आपण तिथे बसून अंड्याचे सँडविच खायचो. तू तुझ्यातली काकडी काढून मला द्यायचीस आणि आपण त्या दिवसाबद्दल चकार शब्द काढायचो नाही, तुझ्या मुलीबद्दल नाहीतर सरकारबद्दल बोलायचो. मला त्या काकडीची फार आठवण आली, पोला. थंडी वाजायला लागली तशी उठले आणि आत गेले.

तिकिटाच्या खिडकीतल्या बाईनं विचारलं, "पेन्शनर?"

मी म्हटलं, "नाही, सोळा वर्षांची आहे, चेहरा आजीचा घालून आलेय."

तिनं मान वर न करता तिकीट दिलं. पोझ्नानमध्ये विनोद वाया जातात.

दार उघडलं आणि चष्म्यावर धुकं बसलं. मग तो वास आला, ओल्या मातीचा, तुझ्या कामाच्या झग्याचा. दिवसभर काम करून तू आमच्याकडे जेवायला यायचीस तेव्हा स्वयंपाकघरात हाच वास भरायचा. मी चष्मा पुसायचं नाटक करत बराच वेळ तिथेच उभी राहिले. मागची शाळेची सहल खोळंबली. बाई म्हणाल्या, "आजी, बरं वाटतंय ना?" मी म्हटलं, "उत्तम." पस्तीस वर्षं गणित शिकवलं आहे मी, सहलीसमोर रडत नाही.

तुझी मेणफुलांची वेल आहे, पोला. तिसऱ्या दालनात, लोखंडी खांबावर, तू लावली होतीस तिथेच. आता ती वर काचेपर्यंत पोचली आहे आणि खाली वाकून परत येते आहे. फुलं नव्हती, पानं मात्र अशी चकचकीत, जणू कुणी रोज पुसतं.

आणि मग मी चोरी केली.

हसू नकोस. पर्समध्ये नखं कापायची छोटी कात्री होती. सहल पुढे गेली, मी इकडेतिकडे पाहिलं, खाली लोंबणारी एक फांदी धरली, तीन पेरांची, तू शिकवलंस तशी पेराच्या खाली तिरकी कापली आणि रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकली. चोरलेली फांदी सगळ्यात चांगली लागते असं तूच म्हणायचीस. एकोणसत्तर वर्षांच्या आयुष्यात शाळेचा खडूसुद्धा घरी आणला नाही मी, आणि त्या वेळी माझं काळीज असं धडधडत होतं की दालनातल्या माशांच्या टाकीतले मासेही माझ्याकडेच बघतायत असं वाटलं.

मागून आवाज आला, "पर्स उघडा बाई."

किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावलेली एक तरणीताठी राखणदारीण उभी होती. मी म्हटलं, "माझ्या पर्समध्ये औषधं आहेत."

"औषधाला पानं फुटलीत. बाहेर लोंबतायत."

खरंच एक पान चेनमधून बाहेर आलं होतं.

ती म्हणाली, "या आठवड्यातल्या तुम्ही तिसऱ्या. तिघीही आज्या. तरुण पोरं इथे येतात, फोटो काढतात, गुमान जातात. चोऱ्या करतात त्या सगळ्या मोत्याची कानातली घातलेल्या. चला, वरिष्ठांकडे."

वरिष्ठ म्हणजे कोण, तर तुझ्याबरोबर काम करणारे झेनोनराव! अजून आहेत. निवृत्त होऊन परत आलेत, आठवड्यातून दोन दिवस, कारण म्हणे घरी बायको आणि इथे निवडुंग, त्यातल्या त्यात निवडुंग कमी टोचतात. केस सगळे पांढरे, मिशा मात्र तशाच, झाडूसारख्या. त्यांनी आधी फांदीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हा काप पोलाचा आहे," ते म्हणाले. "इतकं तिरकं या शहरात दुसरं कुणी कापत नाही. आणि नाकही पोलाचं आहे. तुम्ही ती बहीण."

मी म्हटलं, "हो. ती बहीण."

त्यांनी राखणदारणीला पाठवून दिलं, मला उलट्या बादलीवर बसवलं आणि थर्मासमधला चहा दिला. पोला, त्यांनी मला जे सांगितलं ते मी तुला सांगायला नको होतं, पण सांगते. तू दर महिन्याला त्यांना फोन करतेस. वेलीची चौकशी करतेस, पाणी किती, कीड आहे का, नवीन छोकऱ्यांनी खत जास्त घातलं तर बघा माझ्याशी गाठ आहे. आणि फोन ठेवता ठेवता विचारतेस, "ती येते का कधी तिकडे?"

"सात वर्षं मी 'नाही' म्हणतोय," झेनोनराव म्हणाले. "आता पुढच्या फोनला मला काही तरी चांगलं सांगता येईल. बहीण आली होती आणि चोरी करून गेली."

त्यांनी फांदी ओल्या कागदात गुंडाळली, वर वर्तमानपत्र, आणि म्हणाले, "कोटाच्या आत धरा, बाहेर उणे सहा आहे. जा आता."

आणि मी, चहानं, उबेनं आणि त्या फोनच्या गोष्टीनं अगदी विरघळून गेले होते ना, माझ्या तोंडातून निघून गेलं, "धन्यवाद, झेनोनराव."

त्यांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. "अहो बाई, काय केलंत हे! फांदीचे आभार मानतात का कधी? पोलाची बहीण ना तुम्ही? झालं! मेली ती. फेकून द्या वाटेत."

मी फांदी कोटाच्या आत आणखी घट्ट धरली, आणि का धरली ते तुला माहीत नाही. आता तेच लिहायला बसले आहे.

२००२च्या चोवीस एप्रिलला तू मला तुझी डावी किडनी दिलीस. मी शेहेचाळीसची, तू एक्कावन्नची. तिसऱ्या दिवशी तू सलाईनचा दांडा ढकलत माझ्या खोलीत आलीस, मागून उघडा असलेला तो दवाखान्याचा अंगरखा एका हातानं धरून. मी तीन दिवस एकच वाक्य मनात घोळवत होते. तोंड उघडलं आणि तू खेकसलीस, "गप्प! एक अक्षर बोलायचं नाही. फांदीचे आभार मानायचे नसतात, मानले की ती जगत नाही. पंचवीस वर्षं पामघरात काय झक मारली का मी?" मग तू हसलीस, मी हसले, दोघींचेही टाके दुखायला लागले आणि नर्सनं तुला हाकलून दिलं.

तू ते मी रडू नये म्हणून बोललीस. अर्ध्या शहराला फांद्या वाटताना तू ते वाक्य रोज बोलायचीस, त्यातलंच एक. तू विसरलीसही. पण मी नाही विसरले, पोला. मी गणिताची बाई, शिडीखालून बिनधास्त जाणारी, मी ते वाक्य गाठीला बांधलं. पहिल्या वर्षी म्हटलं, अजून नीट लागली नाही, कशाला विषाची परीक्षा. पाचव्या वर्षी म्हटलं, इतकी वर्षं चाललंय, आता कशाला मोडायचं. तुझ्या वाढदिवसाला शब्द जिभेवर यायचा आणि मी केकचा घास तोंडात कोंबायची. तुझी वेल माझ्या पोटात होती आणि मी तिच्या आसपास पाऊल न वाजवता वावरत होते.

मग २०१७ची ती नाताळच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ. आपण सगळे नाताळची ती पवित्र पापडी मोडून एकमेकांना शुभेच्छा देत होतो. तू माझ्यासमोर आलीस, पापडीचा तुकडा मोडलास आणि म्हणालीस, "पंधरा वर्षं झाली, ओतिल्का. वाल्देकनं आभार मानले, डॉक्टरांनी मानले, तुझ्या शेजारणीनंसुद्धा मानले. तुझ्या तोंडून एक शब्द नाही. मी काय तुला जुना कोट दिला होता?"

आणि मी गप्प राहिले. सगळ्यांसमोर, तुकडा हातात धरून, तोंड मिटून. तू कोट घातलास आणि गेलीस. बीटचं सार तसंच राहिलं. अवचित पाहुण्यासाठी मांडायची ती रिकामी ताटली आणि शेजारी तुझी, टेबलावर दोन रिकाम्या ताटल्या होत्या. तू पुढच्या वसंतात मुलीकडे कोलोब्झेगला राहायला गेलीस, ते मला परक्याकडून कळलं.

जे तुला माहीत नाही ते हे. त्याच आठवड्यात माझा रिपोर्ट आला होता. क्रिएटिनिन दीडवरून पावणेतीनवर गेलं होतं. शरीर तुझी किडनी नाकारायला लागलं होतं. सणानंतर लगेच, सत्तावीस तारखेला, मला दाखल व्हायचं होतं आणि मी वाल्देकला शपथ घातली होती की पोलाला कळता कामा नये, तिचा नाताळ खराब होईल. तू "एक शब्द" मागितलास तेव्हा मला तेवढंच कळत होतं की आत्ता, नेमकं आत्ता तो शब्द उच्चारला तर ती मरेल. तू दिलेली, माझ्या पोटात. म्हणून मी तोंड उघडलं नाही. वेडेपणा होता, मला मान्य आहे. नऊ दिवस दवाखान्यात सलाईनवर होते, मग तुझी किडनी सावरली. तुला फोन करायला हवा होता. पण तोवर लाज इतकी साचली होती की फोन उचलवेना. नंतर ती वर्षागणिक वाढतच गेली.

आणि वर लिहिलं ना, मी बरी आहे म्हणून, तेही पुरतं खरं नाही. सात जानेवारीला मी दवाखान्यात त्याचसाठी गेले होते. आकडा पुन्हा चढला आहे, थोडा. डॉक्टरीण म्हणाली, "तेवीस वर्षांची किडनी आहे आजी, तिलाही वय आहे. औषध बदलून बघू, पाच आठवड्यांनी परत रक्त द्या." ते ऐकून मी ट्राममध्ये बसले आणि बागेपाशी उतरले. तेव्हा आता कळलं असेल, झेनोनरावांनी डोकं धरलं तेव्हा माझं काय झालं.

फांदी मी फेकली नाही. मातीची मला मनाई, म्हणून स्वयंपाकघराच्या खिडकीत पाण्याच्या ग्लासात ठेवली. वाल्देकला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे तू आभार मानलेस, ती मरणार, आणि मेली की तू ठरवणार की पोलाला कधीच काही म्हणायचं नाही. छान. जगली तर?"

मी म्हटलं, "जगणार नाही."

"जगली तर?" हा माणूस गुडघ्यानं अधू असेल, डोक्यानं नाही.

पहिल्या आठवड्यात एक पान पिवळं होऊन गळलं. मी दर दोन दिवसांनी पाणी बदलायची, सकाळी गोळी घेण्याआधी तिला बघायची. वाल्देक म्हणायचा, माझ्या हार्ट अटॅकच्या वेळी मला इतक्या वेळा बघायला आली नव्हतीस. तिसऱ्या आठवड्यात देठाचं टोक काळपट झालं. मी ग्लास उचलून कचऱ्यापाशी नेला आणि परत आणून ठेवला.

काल सकाळी मूळ फुटलं, पोला. खालच्या पेरापाशी, पांढरं, तांदळाच्या दाण्याएवढं. मी चष्मा पुसून पाहिलं, भिंग आणून पाहिलं, वाल्देकला बोलावून पाहिलं. त्यानं पाहिलं आणि माझ्यासमोर कागद आणि पेन ठेवलं. मी तिथेच ओट्याला टेकून मनसोक्त रडले. सहल नव्हती.

एका मुळानं काही सिद्ध होत नाही, हे मला समजतं. मला तपासणीचं रक्त द्यायचं आहे ते अकरा तारखेला, आणि हे पत्र मी त्याच्या आधी, आजच पेटीत टाकणार आहे. आकडा चांगला आला म्हणून धीर झाला असं तुला वाटायला नको, आणि वाईट आला म्हणून घाबरून लिहिलं असंही नको. काय व्हायचं ते होवो. तिला तेवीस वर्षं पुरी होत आली, माझ्या एका शब्दानं जाईल अशी ती नाही. ती तुझी आहे.

त्या तेवीस वर्षांत मी आणखी चौदा वर्षं शाळेत शिकवलं. बुंडेकबाईंचा पोरगा, ज्याला नऊचा पाढा येत नव्हता, तो आता पूल बांधतो. साठाव्या वर्षी मी पोहायला शिकले. वाल्देकच्या हार्ट अटॅकच्या वेळी त्याचा हात धरायला मी होते, नाहीतर त्याचा हात कुणी धरला असता? मी दर उन्हाळ्यात जंगलात ब्लूबेरी वेचल्या. समुद्र पाहिला. कंटाळलेसुद्धा, पुष्कळ वेळा, दुपारी, खिडकीत बसून. तो कंटाळाही तुझ्यामुळे मिळाला. तू कापून घेतलंस स्वतःला आणि मला हे सगळं दिलंस, आणि मी तुला सर्वांसमोर रिकाम्या हातांनी परत पाठवलं. मला माफ कर.

आता कामाचं. फांदी महिन्या-दोन महिन्यांत कुंडीत लावावी लागेल. माझ्या हातांना माती बंद, आणि वाल्देकच्या हातून कोथिंबीरसुद्धा जगलेली नाही. तेव्हा तुलाच यावं लागणार. चोवीस एप्रिलला गुरुवार आहे. अकरा वाजता मी बाकावर असेन, अंड्याचे सँडविच घेऊन. तुझ्यातली काकडी मी काढणार नाही, ती तूच काढून दे. आली नाहीस तरी मी बसेन, आणि पुढच्या वर्षीही बसेन.

आकडा काहीही येवो, तुला मी स्वतः कळवेन. आता लपवणं बंद.

आणि हे, तू मागितलेलं, सात वर्षं उशिरा. तीनदा लिहिते, कारण आपल्याकडे जिवंत माणसाला फुलं विषम आकड्यात देतात:

धन्यवाद, पोला.
धन्यवाद.
धन्यवाद.

तुझी, आणि तुझ्यामुळे असलेली,
ओतिल्का